छाट

निपाणीत बावीस वर्षं विड्या तपासल्या मी.
हजाराला साठ छाट.
चांगल्या होत्या, बोटांना कळायचं;
संध्याकाळी त्याच मी विकायचो.

नाताळाआधीच्या रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले
तर डोळ्यांपुढे क्रूस नाही,
चन्नव्वाचं सूप आलं.

पाळक म्हणाले, "प्रभूनं केव्हाच माफ केलंय, शांतवन.
आता चन्नव्वाकडे जा."

गेलो. पाकीट पुढे धरलं.
तिनं मोजलं. दोनदा.
"कमी हाय," म्हणाली.

मग सूप सरकवून जागा केली.
"कुंडर. दोरा बांधाय येतो का?
बघू."

पहिली विडी सुटली.
दुसरी तिनं उजेडाला धरली,
उलटीपालटी केली,
मी श्वास रोखून,
आणि चांगल्यांत टाकली.