एकटीचा जादा आकार

पंधरा तारखेला शेवटचा हप्ता गेला.
आठवड्याला साडेअठरा पौंड, सहा वर्षं.
सोळाला मी माळ्यावरून सुटकेस काढली.
तिच्यात गेथिनचा एक मोजा निघाला,
निळा, टाचेला विरलेला.
मी तो फेकला नाही. ठेवलाही नाही.
खिडकीत तसाच पडून राहिला चार दिवस.

शेजारची मेरियल कुंपणावरून म्हणाली,
"मिनोर्का? अगं बाई. चैन आहे."
एवढंच. पण त्या "चैन"वर ती जरा रेंगाळली,
दुकानात पावावर बोटं रेंगाळतात तशी,
दाबून बघतात, शिळा आहे का.

गावच्या पेपरात माझा फोटो आला होता,
कोर्टाच्या पायरीवरचा, तोंड अर्धं उघडं.
मला खरं तर शिंक येत होती.
लानेथलीच्या बाजारात अजून सगळ्यांना तो आकडा पाठ:
पाच हजार सातशे बहात्तर.
माझा वाढदिवस कुणाला आठवत नाही.

खोटं एका शब्दाचं होतं.
फॉर्मवर रकाना होता: घरात कोण कोण.
मी लिहिलं, एकटी.
गेथिन तेव्हा ट्रक घेऊन रॉटरडॅमच्या वाटेवर,
तीन रात्री माझ्याकडे,
चार रात्री रस्त्याकडे.
तीन रात्रींना काय म्हणतात? जोडपं?
विचारलं असतं मी, पण रकान्यात तेवढी जागा नव्हती.

नाही, हे बरोबर नाही.
जागा होती. मी विचारलं नाही.

तपासाला एक बाई आली, नखं नीट कापलेली.
न्हाणीघरात जाऊन टूथब्रश मोजून आली.
दोन.
दुसरा ओला होता. तेवढं पुरलं.

मला दीडशे तासांचं काम मिळालं.
कब्रस्तानातलं गवत कापलं मी,
"प्रिय पती" आणि "त्याची प्रिय पत्नी" यांच्या भोवतीचं.
एका दगडाखाली दोघं,
आणि आठवड्यातल्या किती रात्री, ते कुणी विचारत नाही.

निकालानंतर पाच महिन्यांनी गेथिन गेला.
मेला नाही. स्वान्झीला गेला,
डिलिस नावाच्या बाईकडे, जिला बाग आहे.
तेव्हापासून माझा फॉर्म खरा आहे.
आता तो कुणी मागत नाही.

प्रवास कंपनीचा पोरगा फोनवर म्हणाला,
"खोली दोघांच्या हिशेबाची असते, मॅडम.
एकट्या माणसाला जादा आकार पडतो.
एकशे चाळीस पौंड."
मी हसले, जरा जास्तच वेळ.
तो बिचकला. म्हणाला, नियम आहे.
असतोच रे बाळा.
एकटी असण्याचे सरकारनं मला पैसे दिले
तेव्हा मी एकटी नव्हते.
आता आहे, तर मी भरते.

माहोनच्या विमानतळावर काचेमागे एक तरुण अधिकारी.
वाटलं, त्याच्या पडद्यावर आकडा लुकलुकत असेल.
त्याच्या तोंडावर नुसता थकवा होता, आणि नवी मिशी.
"एकट्याच?"
हा प्रश्न मला शपथेवर विचारून झाला आहे.
तळहात ओले झाले.
"हो," मी म्हणाले, आणि उगीचच पुन्हा, "हो."
त्यानं शिक्का मारला.
पुढचं कुटुंब, पोरं, फुगवायची मगर,
माझ्या टाचांवर येऊन आदळलं.

खोलीत दोन पलंग जोडून एक केलेले, मध्ये फट.
न्हाणीघरात कागदात गुंडाळलेले दोन पेले.
एकात माझा ब्रश ठेवला.
दुसरा मी उघडणार नव्हते.
रात्री उठून उघडला,
नळाचं पाणी भरलं, बाल्कनीत बसून प्यायले.
कोमट, थोडं खारट.
खाली कुणीतरी वेल्शमध्ये भांडत होतं,
किती बरं वाटलं.

सकाळी पोहण्याचे कपडे शोधताना
सुटकेसच्या तळाशी निळा मोजा.
मी कधी टाकला, आठवत नाही.
कस्टम्सच्या हिरव्या दारातून आले होते,
जाहीर करण्यासारखं काही नाही, या बाजूनं.