आरसा धरणारी

तेहतीस वर्षं मी स्पीकरच्या पेट्या जोडल्या
लिमफ्योर्डच्या काठी एका कारखान्यात,
म्हणून आयगिलनं मला बोलावलं.
"ट्वीटर गेलेत बहुतेक. आवाज टोचतो."

आत शिरले आणि एक टाळी वाजवली.
कुणी पत्र्यावर वाटाणे सांडावेत तशी
ती भिंतीभिंतींत टणटणत राहिली.
बिघडलं काहीच नव्हतं.
फेब्रुवारीत व्हिबेके ऑल्बोरला गेली
ती लोकरीचा गालिचा, जाड पडदे
आणि पुस्तकांचं अख्खं कपाट घेऊन.
उरली काच, आणि चुना.

पिशवीतून नवऱ्याचा दाढीचा आरसा काढला.
आयगिल त्याच्या खुर्चीत, मी भिंतीला आरसा टेकवून
खेकड्यासारखी सरकतेय.
"स्पीकर दिसला की थांब म्हण."
"थांब."
तिथे पेन्सिलीची फुली.
इथूनच येतो तो आवाज दुसऱ्यांदा,
किंचित उशिरा,
घरच्यासारखा, दार न वाजवता.

इथे रजई टांग, म्हटलं, तिथे पुस्तकं आण.
मग जरा जास्तच बोलले, सवयच आहे:
वरचे सूर विजेरीच्या झोतासारखे,
समोर बसेल त्यालाच उजेड.
खालचे भिंतीतल्या ओलीसारखे,
पसरतात, कोपऱ्यात जाऊन साचतात.

"कोपऱ्यात?"

खिडकीपाशी फळ्यांवर
सोफ्याच्या पायांचे चार ठसे अजून होते.
तो त्यांच्या मधोमध जमिनीवरच बसला.
मी तीच तबकडी लावली, चेलोची,
आवाज होता तेवढाच,
आणि त्याच्या शेजारी टेकले.

चेलो नव्हताच तिथे.
नुसती घुमघुम, फळ्यांतून पोटात चढणारी.
तारेवरचा गज, त्याची ती बारीक खरखर
आमच्या बाजूनं निघून जात होती
रिकाम्या खुर्चीकडे.

"अकरा वर्षं," तो म्हणाला.
"मला वाटायचं, हिला संगीत कळत नाही."

मी काय बोलणार?
कारखान्यात माइक बरोबर समोर असायचा, एक मीटरवर.
बाजूनंही मोजायचो आम्ही,
पण तो कागद गिऱ्हाइकाला कुणी दाखवत नसे.

नोव्हेंबर. चारलाच काळोख.
दुसरी बाजू लावायला मी उठले
तेव्हा तो ठशांमधून हलला नव्हता.
"कमी कर ना जरा," म्हणाला.

केला.