मागचा पत्रा

होळीला काढायचा कुलर यंदा एप्रिलात उघडला.
गुणवंत निनावेनं आत डोकं घातलं, बाहेर काढलं,
म्हणाला, "बाई, याच्यात काही राह्यलं नाही. नवा घेऊन टाका."

मी म्हटलं, पंखा फिरतो ना?
"फिरते. कुंथून कुंथून."
मग त्यानं बुडाला पेचकस लावला,
पापडासारखा पत्रा आत गेला.
डांबर तेवढं शाबूत होतं. कोण जाणे किती उन्हाळे
पाणी डांबरच धरून होतं.

एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आम्ही हिशोब मांडला.
मोटरचं वायंडिंग साडेनऊशे.
पंप साडेतीनशे, गॅरंटी विचारू नका.
ताट्या तीन. वाळा महाग झाला,
भुसा चालत असेल तर निम्म्यात होते.
(भुसा चालणार नाही.)
बूड नवं, वेल्डिंग धरून, अकराशे.
बेरजेखाली रेघ मारली
आणि रेघेखाली चि. सौ. कां. उलटं उमटून आलं.

मुलगा पुण्याहून म्हणतो, आई, एसी घे, हप्ते मी भरतो.
पुण्याला काय सांगायचं
की दुपारी दोनला दारं-खिडक्या लावून माझा जीव बसत नाही,
की गार हवेसोबत मला थोडा रस्ताही लागतो,
भंगारवाला, कोणाचा तरी कुकर.
समोरच्या सहारेंनी प्लास्टिकचा घेतला, चाकांचा, रिमोटचा.
छान आहे म्हणतात.
त्यांची बायको ओली चादर पांघरून झोपते.

ह्यांचं मत: "तू ठरव."
एकतीस वर्षं मोठ्या खर्चाला हेच मत.

गुणवंतनं मागचा पत्रा सोडवला, उजेडाकडे फिरवला.
आतून ब्रशनं, पांढऱ्या रंगात, तारखाच तारखा.
डांबर मारलं की त्याचे वडील तारीख टाकून जात;
कोणी "मागच्या साली तर केलं" म्हणून भांडायला आलं
तर पत्रा दाखवायला.
१२/४/९९. ३/४/२०००.
प्रत्येक चारला लांब शेपूट.
दोन हजार वीसची नाही,
तेव्हा कोणी कोणाकडे जात नव्हतं.
एकवीसची आहे. मार्चातली.
ऊन लवकर आहे यंदा, म्हणत आले होते,
चहा बाहेरच, पायरीवर, घेतला.
त्याखालच्या गुणवंतच्या, मार्करनं, पुसट.

गुणवंत उभा राहिला.
तोंडात चार स्क्रू धरलेले, त्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता.
मीही ताट्या मोजल्यासारखं केलं.

मग स्क्रू हातावर काढून म्हणाला,
"मोटर तशी चांगली हाय. खोका नवा बांधू, आतलं हेच ठेवू."
म्हणजे दुरुस्ती की नवा?
"दोन्ही म्हणा. साडेचारात बसते."
नवा साडेआठला होता. मी हो म्हटलं.
अर्ध्या तासापूर्वी हाच माणूस नवा घ्या म्हणत होता,
ते मी काढलं नाही.

"जुना खोका भंगारात ना? मागचा पत्रा मी नेतो. तोलाचे पैसे देतो."
ने रे, पैसे कसले, एवढं ओठावर आलं होतं.
पण त्यानं पत्रा हातावर तोलला, अडीच किलो ठरवला,
किलोला पंचवीस,
आणि साडेबासष्ट रुपये माझ्या डोळ्यांदेखत बिलातून कापले.
मी कापू दिले.

लिहिलेली बाजू आत करून
त्यानं पत्रा गाडीच्या मागे सुतळीनं बांधला.
मानेवाड्याच्या रस्त्यावर ऊन असं होतं
की दोनदा डोळ्यांवर तिरीप आली,
मग तो टाकीपाशी वळला.

कुलर रविवारी बसला.
वाळ्याचा वास आला. दोन दिवस येतो, मग नाक विसरतं.
ह्यांनी झोपेत विचारलं, "नवाच घेतला ना?"
हो म्हटलं.
आवाज मात्र जुनाच, कुंथणं तेवढं गेलेलं.

मागचा पत्रा कोरा आहे.
तारीख टाकायची गुणवंत विसरला,
नवतपा लागायला आला, मीही फोन केला नाही.