नाव काढताना

ओल्यांवच्या धक्क्यावर, सार्डिनच्या कारखान्यावरून
नाव काढताहेत.
'क्विंतेला आणि मुलगे'.
पहिल्या अक्षराची शेपटी कठड्यात अडकलीय,
वेल्डर शिव्या देतो.

देओलिंदा खालून बघते, हातातला पाव तसाच.
एकतीस वर्षं तिनं या नावाखाली
मासळीची डोकी उडवली.

गेल्या उन्हाळ्यात एका खेपेत काहीतरी सडलं.
कुणी मेलं नाही.
सतरा जण इस्पितळात, त्यात एक नवरी.
तेवढ्यात नाव बुडालं.

लिस्बनहून आलेला तरुण म्हणाला,
नवा शब्द चाळीस भाषांत तपासलाय,
कुठेच काही अर्थ होत नाही त्याचा.
हे त्यानं गुण म्हणून सांगितलं.
नोवेया.
देओलिंदाच्या तोंडात पुढचे दात नाहीत,
तिथून तो जांभईसारखा निघतो.

तिचा नवरा ओनोफ्रे म्हणायचा,
होडीचं नाव बदलू नये,
समुद्राला जुनंच पाठ असतं.
कर्जवाले आले तेव्हा त्यानंच दोनदा बदललं.
होडी अजून तरंगते.

संध्याकाळी पाळी सुरू.
तेच तेल, तेच मीठ,
पत्रा किंचित पातळ,
झाकणावर एक निळी रेघ.
देओलिंदा प्रत्येक डब्यावर टिचकी मारते.
फुगलेला डबा आवाजावरून कळतो,
वाचावा लागत नाही.

त्या खेपेलाही
तिनं तीन पेट्या बाजूला काढल्या होत्या.
त्या परत पट्ट्यावर ठेवणारा फोरमन
आर्लिंदो.
त्याचं नाव अजून
आर्लिंदोच आहे.