तेलासकट वजन

नागदेवी स्ट्रीटवर हुनेदभाईंच्या दुकानात
पहिला प्रश्न : चालवणार कोण?
मीच, म्हटलं.
त्यांनी माझ्या मागे पाहिलं, कोणी उभं आहे का म्हणून.
कोणी नव्हतं. हातगाडीवरून पाइप चालले होते.

मनोरीला आमची वाडी, पाऊण एकर.
त्यात वादळानं आडवं पडलेलं भोकर,
अर्धं विहिरीवर, अर्धं डायसच्या कुंपणावर.
झाड पाडायचं नाहीये, मी सांगितलं,
पडलेलं आवरायचंय.

घरी एक करवत आहे. सात किलोंची, नवऱ्याची.
दोरी ओढली की आधी तो खोकायचा, मग ती,
आणि गावाला कळायचं, ऑस्बर्न कामाला लागला.
आता त्याचा उजवा हात
चमच्यातली पेजही तोंडापर्यंत पोचवत नाही.
अन् माझा डावा खांदा मार्चपासून
केस विंचरताना अर्ध्या वाटेत थांबतो.

हुनेदभाईंनी तीन खोकी फोडली.
बॅटरीचं यंत्र गुपचूप, शहाण्या मुलासारखं;
पण आमच्याकडे वीज जाते तीच मुळी झाड पडल्यावर.
दुसरं देखणं. पट्टी अठरा इंची.
एवढी कशाला? भोकर आहे, किल्ल्याचा दरवाजा नाही.
तिसरं दहा इंची, नारिंगी.
"तीन किलो, बाई. कागदावर लिहिलंय."

कागदावर.
चाळीस वर्षं मासळी घेतेय मी,
बर्फ झटकून तोलायला लावते.
इथे उलटं सांगितलं :
पट्टी लावा, चेन लावा, तेल भरा, पेट्रोल भरा,
मग ठेवा काट्यावर.
चार किलो सहाशे.
हुनेदभाई काट्याकडे असे बघत राहिले
जसा काही घरचाच माणूस फितूर झाला.

मग खांद्याइतकं उचलून धरलं, बंदच,
हवेतल्या एका फांदीवर, आणि आकडे मोजले.
पोऱ्या चहा घेऊन आला तेव्हा बावीस.
चाळीसला कोपर बोलायला लागलं.
साठला पट्टीचं टोक थरथरलं
आणि मला ऑस्बर्नचा चमचा दिसला.
खाली ठेवलं.

साठ पुष्कळ. भोकर कुठे पळून जातंय?
साठ मोजायचे, बसायचं, पाणी प्यायचं, परत साठ.
हेच द्या, म्हटलं. अन् पेट्रोल काढून घ्या.

मार्व्याच्या धक्क्यावर लाँच लागलेली.
तिकीटवाला म्हणाला, खोक्याचे वेगळे पडतील.
मी खोकं उचलून मांडीवर घेतलं.
आता?
त्यानं खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि एकच फाडलं.