कपात

निझव्याच्या छावणीत, पगार-खात्यात,
पंचवीस तारखेला मी कपातीचा रकाना भरते.
आज खमीस बिन राशिदच्या नावापुढे
कोर्टाचा कागद: दोन मुलं, पंच्याऐंशी रियाल.
बायकोच्या इद्दतीचे वेगळे.

दुपारी तो आला. टोपी हातात, बुटांवर डोंगरातली धूळ.
वाटलं, भांडेल. भांडतात बरेच.
त्याने स्लिप उलटून पाहिली,
मागे काही लिहिलंय का म्हणून.
"त्यांनी या पैशांचं काय घेतलं,
ते येत नाही का यात?"
नाही, म्हटलं. आकडाच येतो.
उभा राहिला जरा. मग खिशातले चार खजूर
टेबलावर ठेवून गेला.

माझ्या ड्रॉवरमध्ये खेडच्या कोर्टाचा हुकूम आहे,
सात वर्षांचा जुना. दरमहा सहा हजार.
हुकमातला माणूस दम्मामला वेल्डर.
मधे एक सरहद्द,
आणि त्याच्या मालकाला मराठी येत नाही.

मयुरा मामाकडे, अकरावीला.
दर महिन्याला पावत्यांचे फोटो पाठवते,
मी मागितले नसताना.
बघत नसे कधी. पैसे टाकले की झालं.
आज बिया कागदात गुंडाळल्या
आणि एक फोटो मोठा करून वाचला:
चष्मा. नंबर वाढला. अकराशे चाळीस.