पोचा

पहिल्या हिवाळ्यात मी एकच बोल्ट काढला.
थट्टा नाही. एक.
बाकीचे अकरा गंजाच्या बाजूने होते.
तेल सोडलं, रात्रभर थांबलो,
बत्तीने लाल तापवला, पुन्हा तेल.
पाना सटकला, बोटांची सालटं निघाली,
आणि उणे तीसमध्ये रक्तसुद्धा
बाहेर यावं की नाही, याचा जरा विचार करतं.

सस्कॅचेवानच्या आमच्या गावात
आता सत्तावीस माणसं.
गव्हाचं उंच कोठार पाडलं,
रेल्वेने रूळही उचलून नेले.
माझ्या शेडमध्ये मात्र
एक्कावन्न सालचा फार्गो
ओंडक्यांवर उभा आहे, चाकं काढलेला.

माझा नव्हे. मेट्रोचा.
मेट्रो म्हणजे द्मित्रो, माझा थोरला.
उत्तरेकडच्या चाळीस एकरांवरून
आम्ही एकोणीस वर्षं बोललो नाही,
आणि हा त्याच्या कुंपणापाशी
तेवढीच वर्षं गवतात रुतत गेला.
त्याला वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा पुतणीचा फोन:
"भंगारवाला शुक्रवारी येतोय, वासिलकाका.
हवा असेल तर गुरुवारी न्या."
कशाला हवा होता, मला सांगता आलं नसतं.
गुरुवारी आणला.

दुसरा हिवाळा तळाच्या पत्र्यात गेला.
बोट लावावं तिथे भोक,
भोक बुजवावं तर शेजारी नवं.
तिसऱ्यात माझाच खांदा उघडून
डॉक्टरांनी दोन स्क्रू घातले.
चौथ्यात ऑलिव्ह म्हणाली,
"तू त्याला दुरुस्त करतोयस की तो तुला घासतोय?"
आणि कॉफीचा थर्मास बाकावर ठेवून गेली.
पाचवा आठवत नाही. कार्ब्युरेटर असावा.

सहाव्यात डावं दार उघडं केलं.
आत उंदराचं घरटं, मूठभर काळवंडलेला गहू,
आणि कोठाराची एक पोचपावती:
सही बापाची, आकडा उंदराने खाल्लेला.

त्याच दारावर बाहेरून एक पोचा होता,
टरबुजाच्या फाकेएवढा.
आतून हातोडी, बाहेरून वाळूची पिशवी.
इथे दाबावं तर तिथे फुगतं;
एकदा ताणलेला पत्रा आपली जुनी मापं विसरतो.
टकटक, हात फिरव, टकटक.
अकरा रात्री.
शेवटी डोळे मिटून तळवा फिरवला
आणि तो कुठे होता हे मलाच सापडेना.
असा खूश मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

मे महिन्यात पुतणी त्याला घेऊन आली.
काठी टेकत तो शेडमध्ये शिरला,
मला मान हलवली, जशी पोस्टमनला हलवतात.
इंजिन पाहिलं नाही, करडा रंगही नाही.
थेट डाव्या दाराशी गेला.
तळवा ठेवला. फिरवला. परत फिरवला.
"कुठंय?"
"काय कुठंय?"
बराच वेळ तो पत्र्याकडेच बघत राहिला.
"लिस्काने लाथ मारली होती इथे.
मी हा घरी आणला, त्याच संध्याकाळी.
घोडीला आपल्याआधी कळलं होतं."

मी म्हणालो, "सरळ करायला अकरा रात्री लागल्या."
तो म्हणाला, "हं."

मग चढला. सीट नव्हती;
सफरचंदांचं खोकं पुढे सरकवून दिलं.
दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं,
क्लच दाबला, सोडला, दाबला.
खाली काहीच जोडलेलं नव्हतं,
तरी तो कान देऊन ऐकत होता.
आम्ही तिघं उभेच,
पुतणीने गाडीची किल्ली हातातल्या हातात फिरवली.

ते गेल्यावर मी हातोडी घेऊन
दाराच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो.
अंदाजाने जागा धरली.
पण घोडीची लाथ माणसाला थोडीच जमते.
हातोडी खिळ्याला अडकवली, दिवा मालवला.

आता उजव्या मागच्या ब्रेकचा ड्रम अडलाय.
तेल सोडलंय. तापवलाय. पुन्हा तेल.
रविवारी फोन वाजला.
"निघाला?"
"नाही."
पलीकडे कुणाचा तरी टीव्ही, थाळ्यांचा आवाज.
"ठोकू नकोस," मेट्रो म्हणाला.
"राहू दे रात्रभर."